भरलेला ट्रेलर हायवेवर घेताना: पिकअप, गॅप आणि आरसा

40 टनांचा भरलेला ट्रेलर सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरवरून 60 वर आणायला साधारण अर्धा किलोमीटर लागतो. याचा हिशोब मांडता येतो. इंजिन 230 हॉर्सपॉवरच्या आसपासचं असेल, तर चाकांपर्यंत सुमारे 150 किलोवॅट ताकद पोचते. त्यातली 30 किलोवॅट नुसते टायर फिरवण्यात खर्च होते. उरलेल्या 120 किलोवॅटवर हा वेग गाठायला 40 सेकंद आणि जवळपास 500 मीटर लागतात. गिअर बदलण्यात जाणारे सेकंद वेगळे.

आता न्हावा शेवा ते कळंबोली, तळोजा ते शीळफाटा, रबाळे ते तुर्भे असा मुंबईजवळचा सगळा पट्टा डोळ्यांसमोर आणा. मुख्य रस्त्याला मिळण्याआधी वेग धरायला अर्धा किलोमीटर मोकळी पट्टी कुठे मिळते? जिथे पट्टी आहे, तिथे तिच्यावर दुसरे ट्रेलर उभे असतात, रिक्षा थांबलेल्या असतात, नाहीतर टायरवाल्याने पसारा मांडलेला असतो. म्हणजे आपण हायवेच्या वाहतुकीपेक्षा हळूच शिरणार, हे धरूनच चालायचं. किती हळू शिरणार आणि त्यासाठी मागे किती जागा लागेल, हे केबिनमध्ये बसलेल्या माणसाला ठरवता आलं पाहिजे. ट्रकवरून ट्रेलरवर आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच शिकवतो.

निघण्याआधी

गेटपासवर वजन असतं, ते वाचून घ्या. 40 फुटी रिकामा बॉक्स, म्हणजे कंटेनर, पावणेचार टनांच्या आसपास असतो. आत कापसाच्या गाठी आहेत की ग्रॅनाइटच्या लाद्या, यावर पुढचं सगळं गणित बदलतं. भरलेल्या गाडीला लागणारं अंतर डोक्यात पक्कं असलं की रिकाम्या गाडीचा वेग आयता वाटतो. उलटी सवय लागली तर मात्र घात होतो.

बॉक्स ट्रेलरला धरून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक फिरवून पाहा. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा पूर्ण वर आल्याशिवाय हँडब्रेक सोडू नका. मग क्लीनरला मागे पाठवून ट्रेलरचा उजवा इंडिकेटर लागतो का ते बघायला सांगा. हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनगाडी) आणि ट्रेलरमधल्या वायरीचा प्लग सैल झाला, तर डॅशबोर्डवर इंडिकेटर टिकटिकतो आणि मागे अंधार असतो. हायवेवरून येणाऱ्याला तुमचा इरादा कळण्याचा तो एकच मार्ग आहे, म्हणून हे रोज बघायचं.

आरसेही याच वेळी लावून घ्या. मोठ्या सपाट आरशात ट्रेलरची कड आतल्या बाजूला अगदी थोडी दिसावी, बाकी सगळा रस्ता. गोल फुगीर आरशात जास्त पट्टा दिसतो, पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. त्यामुळे गाडी आहे का हे गोल आरशात बघा, किती लांब आहे हे मात्र सपाट आरशातच ठरवा.

गॅप मोजायची कशी

समजा हायवेवरची वाहतूक 60 ने चालली आहे आणि तुम्ही 20 ने आत शिरलात. तुम्ही 60 गाठेपर्यंत मागची गाडी तुमच्या जवळजवळ 190 मीटर जवळ येते. त्यात तुमच्या गाडीची 16 ते 18 मीटर लांबी धरा. शेवटी दोघांमध्ये दोन सेकंदांचं, म्हणजे तीसेक मीटर अंतर उरायला हवं. सगळं मिळून मागे 250 मीटर मोकळे हवेत, हीच गॅप.

तेच 40 ने शिरलात, तर मागची गाडी 65 ते 70 मीटरच जवळ येते. एकूण गरज 120 मीटरवर येते. शिरतानाचा वेग दुप्पट केला की लागणारी गॅप निम्म्याहून कमी होते. स्लिप रोडवर, म्हणजे मुख्य रस्त्याला नेणाऱ्या जोडरस्त्यावर किंवा रॅम्पवर, घालवलेला प्रत्येक सेकंद याच कमाईसाठी असतो.

आता 250 मीटर आरशात ओळखायचे कसे? दिव्याच्या खांबांवरून. मोठ्या रस्त्यांवर खांब साधारण 30 मीटरवर असतात. 40 ने शिरताना मागे चार खांब मोकळे हवेत, 20 ने शिरताना आठ. रात्री तर खांब मोजणं आणखी सोपं जातं. ज्या रस्त्यावर रोज ये-जा आहे, तिथले खांब एकदा दिवसा चालत जाऊन पावलांनी मोजून घ्या. या भागात तेच तेच रस्ते रोज लागतात, त्यामुळे ती मेहनत कायम कामाला येते.

मागची गाडी ब्रेक मारेलच, हे गृहीत धरून शिरणारे बरेच आहेत. बहुतेक वेळा ती मारतेही. पण 80 ने येणारी कार सेकंदाला 22 मीटर कापते. तिच्या ड्रायव्हरला तुमच्या ट्रेलरची मागची बाजू हलते आहे की उभी आहे, हे कळायलाच दोन-तीन सेकंद जातात. रात्री तर त्याला फक्त दोन लाल दिवे दिसतात, वेगाचा अंदाज येत नाही. मुख्य रस्त्यावरच्या गाडीचा हक्क आधी असतो. तिला ब्रेक मारायला न लावता शिरता आलं, तर ते बरोबर शिरणं.

स्लिप रोडवर, क्रमाने

वळण असेपर्यंत घाई नको. कळंबोली जंक्शनवरून एक्सप्रेसवेला किंवा सायन-पनवेल रस्त्याला लागताना हॉर्स सरळ झाला तरी ट्रेलर अजून वळणातच असतो. त्याची मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात. भरलेल्या बॉक्सचा भार उंचावर असतो, त्यामुळे वळणात वेग वाढवला की बाहेरच्या बाजूचे टायर दबतात आणि आतले हलके होतात. दोन्ही आरशांत ट्रेलरची कड सारखीच दिसू लागली, म्हणजे ट्रेलर हॉर्सच्या मागे सरळ आला, की मग दाबा ॲक्सिलरेटर.

ट्रेलर सरळ होता होताच मुख्य रस्त्याकडे पहिली नजर टाका. ही गॅप शोधायची नजर नाही. वाहतूक सलग आहे की टोळक्याने येते आहे, एवढंच बघायचं. सिग्नलच्या पुढे असाल तर गाड्या टोळक्याने येतात आणि दोन टोळक्यांमध्ये मोठी पोकळी असते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर हे स्पष्ट दिसतं. त्या पोकळीच्या हिशोबानेच वेग धरायचा.

उजवा इंडिकेटर लवकर द्या. कारला तीन सेकंद पुरत असतील, तुम्ही आठ-दहा सेकंद आधी द्या. मागच्याला लेन बदलायला तेवढा वेळ मिळतो आणि बरेच जण बदलतातही.

पुढची गोष्ट नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. स्लिप रोड मुख्य रस्त्याला तिरका मिळतो. तिरक्या अवस्थेत हॉर्सचं तोंड उजवीकडे असतं, त्यामुळे उजव्या आरशात हायवे दिसत नाही, ट्रेलरची बाजू आणि आपण आलो तो रॅम्प दिसतो. येणारी गाडी नेमकी आरशाच्या टप्प्याबाहेर असते. म्हणून आधी पट्टीत मुख्य रस्त्याला समांतर व्हायचं आणि मग आरशावर विश्वास ठेवायचा. समांतर व्हायला जागाच नसेल, तर पुढे थोडं वाकून खिडकीतून मान वळवून बघा. आपण उजवीकडे बसतो आणि उजवीकडेच शिरतो, हा फायदा घ्या.

गॅप ठरली की स्टिअरिंग हळू फिरवा. एक लेन साडेतीन मीटरची असते. ती पार करायला पाच-सहा सेकंद घ्या. झटका दिला तर हॉर्स जेवढा हलतो, त्यापेक्षा ट्रेलरचं मागचं टोक जास्त फेकलं जातं. केबिनमध्ये ते जाणवत नाही, मागून येणाऱ्याला मात्र पुरतं दिसतं.

शिरत असताना एकदा डावा आरसाही बघा. आपण पट्टी सोडायला लागलो की मोकळ्या होणाऱ्या जागेत डावीकडून स्कूटर घुसते. रबाळे, तुर्भे, महापे या एमआयडीसीच्या भागात शिफ्ट सुटायच्या वेळी हे हमखास होतं. ट्रेलरची मागची चाकं डाव्या कडेच्या किती जवळून जातात, हे त्या स्कूटरवाल्याला माहीत नसतं.

गिअर कुठला

ऐन रेषा ओलांडताना गिअर बदलायचा नाही. भरलेल्या गाडीत क्लच दाबल्यापासून पुन्हा ताकद लागेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढा वेळ गाडी नुसती घरंगळते. चढ असेल तर वेग कमी होतो आणि नवा गिअर झेपत नाही. मग पुन्हा खालचा गिअर शोधण्यात आणखी दोन सेकंद जातात. हे सगळं गाडी अर्धी हायवेवर असताना होतं.

त्यामुळे शिरायच्या आधीचा गिअर असा निवडा की त्यातच पुढचे आठ-दहा सेकंद वेग वाढत राहील. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा, ही डिझेल वाचवायची शिकवण एरवी योग्य आहे. हायवेला लागताना मात्र काटा हिरव्याच्या थोडा वर जाऊ द्या, गिअर उशिरा टाका. लेनमध्ये स्थिर झालात की परत हिरव्यात या. मालक डिझेलच्या ॲव्हरेजसाठी ओरडतात हे मला माहीत आहे, पण एका रॅम्पवर जाणाऱ्या चमचाभर डिझेलवरून ड्रायव्हरला बोलणं चूक आहे.

हाय-लो रेंजचा गिअरबॉक्स असेल, तर लो मधून हाय मध्ये जाणं रॅम्पवरच उरका किंवा शिरून झाल्यावर करा. ऑटो शिफ्टची गाडी असेल तर पॉवर मोड रॅम्पच्या सुरुवातीलाच लावा. इकॉनॉमी मोडमध्ये गाडी स्वतःच्या मनाने वरचा गिअर टाकते, आणि नेमका नको तेव्हा.

चढाचा रॅम्प

100 मीटरमागे 3 मीटर चढ, म्हणजे 3 टक्के. डोळ्यांना तो सपाटच वाटतो. पण वर सांगितलेली 40 टनांची गाडी 3 टक्के चढावर कितीही दाबली तरी 37-38 च्या वर जात नाही. सगळी ताकद वजन वर उचलण्यातच संपते. उड्डाणपुलावर चढता चढता वेग वाढवू, हा बेत भरलेल्या गाडीत फसतो.

अशा ठिकाणी वेग चढाच्या आधी कमवायचा आणि चढावर फक्त टिकवायचा. ते जमण्यासारखं नसेल तर खालूनच मान्य करा की आपण 25-30 ने शिरणार आहोत आणि मागे सात-आठ खांब मोकळे लागतील. तेवढी गॅप दिसत नसेल, तर रॅम्पच्या तळाशी थांबा. चढाच्या मध्यात थांबून पुन्हा उचलायचं म्हणजे हाफ क्लचवर क्लच प्लेट जाळणं, शिवाय गाडी मागे सरकण्याचा धोका.

मुंब्रा बायपास पारसिकच्या डोंगराच्या अंगाने जातो, घोडबंदर रस्त्यावर पुढे गायमुखचा घाट आहे. इथे कडेला थांबलेली गाडी पुन्हा रस्त्यावर घेताना हेच गणित लागू होतं. चढावर कडेला थांबायची वेळच येऊ नये म्हणून पाणी, चहा, फोन हे सगळं सपाटीवर उरका. उताराच्या रॅम्पचं उलट असतं. तिथे वेग फुकट मिळतो, पण शेवटी गॅप नसेल तर तो थोपवावाही लागतो. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग धरणारा ब्रेक) चालू ठेवून उतरा. हवेचा ब्रेक पाय ठेवल्याबरोबर लागत नाही, मागच्या चाकांपर्यंत हवा पोचायला जवळपास अर्धा सेकंद जातो.

गेटमधून थेट रस्त्यावर

द्रोणागिरीतल्या सीएफएसच्या (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या यार्डाच्या) गेटमधून, तळोज्यातल्या कंपनीतून किंवा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरच्या कटमधून निघताना पट्टी वगैरे काही नसते. तिथे थेट शून्यावरून सुरुवात. डावीकडे वळताना हॉर्स बराच पुढे काढून मग वळवावा लागतो, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर किंवा गटाराच्या झाकणावर चढतात. म्हणजे काही सेकंद तुम्ही दोन लेन अडवणार. त्यासाठी आठ खांबांचीही गॅप अपुरी पडते. अशा वेळी सिग्नलने तुटलेल्या वाहतुकीची वाट बघणं हाच उपाय.

क्लीनर असेल तर त्याला उतरवा. त्याने उभं कुठे राहायचं हे ठरलेलं हवं: तुमच्या उजव्या आरशात दिसेल असं, गेटच्या बाजूला, रात्री चमकणारं जॅकेट घालून. हायवेच्या मध्यात जाऊन हात दाखवून गाड्या अडवायला कुणालाही पाठवू नका. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची.

पट्टी आहे पण गॅप मिळत नाही, असंही होतं. त्या वेळी पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन नाक खुपसून उभे राहू नका. टोकाला उभ्या असलेल्या गाडीला धावायला जागाच उरत नाही. पट्टीच्या सुरुवातीलाच वेग कमी करा, गरज पडली तर तिथेच थांबा आणि पुढची सगळी पट्टी पळण्यासाठी राखून ठेवा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

पाऊस आणि रिकामी गाडी

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, आणि बंदराच्या रस्त्यांवर ते थोडंथोडकं नसतं. उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यांवर ओल्यात टायरची पकड जवळजवळ नसते. रिकामा ट्रेलर असेल तर हॉर्सच्या मागच्या चाकांवर वजन कमी, आणि खालच्या गिअरमध्ये ताकद भरपूर. वळणात जोरात दाबलं की ती चाकं जागीच फिरतात, हॉर्स बाजूला सरकतो आणि ट्रेलरशी कोन करून घडी होते. म्हणून ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी एक गिअर वर ठेवून, हलक्या पायाने उचला. चाक फिरलंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून हळू काढा. ब्रेक लावू नका.

टँकर ट्रेलरची गोष्ट वेगळी. अर्धवट भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड. वेग धरला की आतला द्रव मागे जातो, गिअर बदलताना पुढे येऊन आदळतो, लेन बदलताना बाजूला चढतो. तिथे लेन पार करायला सहा सेकंदही कमी पडतात.

जीप किंवा पिकअपच्या मागे छोटा ट्रेलर

बांधकामाच्या साइटवर जनरेटर, कॉम्प्रेसर ओढून नेणाऱ्यांसाठी थोडक्यात. वजनाचा मोठा हिस्सा ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे बांधा. हुकवर एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा दाब यायला हवा. वजन मागे राहिलं तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि हायवेला लागताना केलेल्या पहिल्या लेनबदलातच ते सुरू होतं. डोलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरून पाय उचला, जोरात ब्रेक नको. इथे ताकदीची अडचण कमी असते, पण लांबी विसरली जाते. शेजारची गाडी मागे पडली असं वाटतं, आणि ट्रेलर अजून तिच्या दारापाशीच असतो.

शिरून झाल्यावर

इंडिकेटर बंद करा. मोठ्या गाडीचं स्टिअरिंग इतकं कमी फिरलेलं असतं की तो आपोआप बंद होत नाही, आणि मग मागचे पुढची दोन किलोमीटर गोंधळतात. डावी लेन धरा. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाड्यांना एक्सप्रेसवेवर आणि चौपदरी महामार्गांवर कमाल 80 आहे, पण पाटीवर कमी लिहिलं असेल तर पाटीचं ऐका. घाटात ते बरंच कमी आहे.

60 गाठेपर्यंत ओव्हरटेकचा विचारही नको. पुढे आणखी हळू चाललेला ट्रेलर असेल, तर त्याच्या मागे अंतर ठेवून चला. नुकतंच शिरून लगेच दुसऱ्या लेनमध्ये जाणं म्हणजे तोच सगळा हिशोब पुन्हा करणं, आणि त्या लेनमधल्या गाड्या आणखी वेगात असतात. ठाण्यात माजिवड्यापुढे पुलावरची आणि खालची वाहतूक नाशिक हायवेवर एकत्र येते. तिथे तर पुढचा अर्धा किलोमीटर इतरांनाच तुमच्यापुढे शिरायला जागा द्यावी लागते. पहिला सरळ पट्टा मिळाला की दोन्ही आरशांत ट्रेलरचे टायर बघा. धूर नाही ना, दोरी किंवा ताडपत्री सुटलेली नाही ना, हे बघून मग काटा हिरव्या पट्ट्यात आणा.